ताईच्या ओटीवर चार्जिंग

दोन हजार सालानंतर कधीतरी मी महाडात हौसेने बॅटरीवरची स्कूटर घेतली. मित्र चिडवायचे, "आधी देशात धड वीज तर येऊ दे!" मी इरेला पेटून तीच घेऊन कापडे गावी ताईकडे गेलो. पोहोचेपर्यंत बॅटरी संपली. ओटीवर चार्जिंगला लावली, तर लोडशेडिंग! एरवी मी पेट्रोलच्या गाडीवर यायचो आणि चहा घेऊन पळायचो. त्या दिवशी ताईच्या हातची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाऊन चक्क झोपलो. दुपारी वीज आली. संध्याकाळी पाहतो तर बॅटरी रिकामीच, भिंतीवरचं बटण बंद! मी भडकलो.

"वरडतोस कशाला? मीच बंद केलं," ताई म्हणाली. "पेट्रोलची गाडी तुला कधी जेवाया थांबू देत नाय. पुढच्या येळंला पण हीच आण."