छत्तीस आणि तेरा

शिरपूरकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी त्या हिवाळ्यात दृढभाजक शिकवला. पुढे त्यालाच मसावि म्हणू लागले. दोन संख्यांना निःशेष भागणारी सगळ्यांत मोठी संख्या, एवढंच ते. मला ते असं जमलं की गुरुजी मला फळ्याजवळच बसवू लागले. मी हुरळले. कौतुकानं हुरळणं हा माझा जुना रोग.

सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळा तपासणारे डिपोटीसाहेब येणार होते. त्यांच्यापुढे लेझीम व्हायची होती. मुलगे छत्तीस, मुली तेरा. गुरुजींचा हट्ट असा, की प्रत्येक तुकडीत मुलगे सारखे आणि मुलीही सारख्या हव्यात. साहेबांना कुणी सुटं दिसायला नको. माझ्या बापानं कापसाचा वेचा सोडून यायचं कबूल केलं होतं. तो शाळेत कधी आलेलाच नव्हता. मला त्याला माझी लेझीम दाखवायची होती, बस.

आठवडाभर आधी गुरुजी पाटी घेऊन डोकं खाजवत बसले होते.

'जुळूनच नाही राह्यलं,' ते म्हणाले.

'जुळनार नाही, गुरुजी. छत्तीस अन् तेराचा दृढभाजक एक हाय. पोरी बारा असत्या तं बारा तुकड्या झाल्या असत्या. तीन पोट्टे, एक पोरगी.'

गुरुजींनी पाठ थोपटली. 'मंग एक कमी करू.'

मला वाटलं, आम्हा तेराजणींतली रोज पाय चुकवणारी सगळ्यांत धाकटी जाईल. वाईटही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

सरावाच्या वेळी गुरुजींनी माझ्याच हातातली लेझीम काढून घेतली. 'तू राह्य बाजूले. तुले हिशेब समजते, तू समजून घेशीन.'

माझंच उत्तर घेऊन त्यांनी माझा केसानं गळा कापला होता.

सव्वीस जानेवारीला मी पाण्याच्या घागरीपाशी उभी होते. बारा तुकड्या अगदी आखल्यासारख्या. साहेबांनी विचारलं, ही मांडणी कोणाची? गुरुजी म्हणाले, 'माझीच, साहेब.' समोर माझा बाप एकेक तुकडी न्याहाळत मला शोधत होता. मी हाक मारली नाही.

तेवढ्यात माझी नजर कुंपणाकडे गेली. लहान म्हणून लेझमीत न घेतलेले तिसरीतले तीन पोट्टे तिथं बसून रिकाम्या हातांनीच लेझीम खेळत होते. छत्तीस आणि तीन, एकोणचाळीस. एकोणचाळीस आणि तेरा, दृढभाजक तेरा. तेरा तुकड्या झाल्या असत्या आणि कुणीच सुटं राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना ते सांगितलं. वाटलं, हळहळतील तरी.

'तुले काढतानाच मले मालूम होतं,' ते वह्या तपासत म्हणाले. 'पन तीन पोट्ट्याईले शिकवन्यापरीस एक पोरगी काढनं सोपं होतं.'