आजारपणात शिरणाऱ्या बाई

मद्रासेतल्या आमच्या घरमालकीणबाईंनी कुणाचंही आजारपण त्याच्या एकट्याचं म्हणून कधी राहू दिलं नाही. मांबळात त्यांच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहायचो. मी रेल्वेच्या कचेरीत कारकून. बाई तंजावरच्या, मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली आणि आवाज असा, की त्या खाली रसमला फोडणी देता देता बोलल्या की मी वर भावाला लिहीत असलेल्या पत्रात त्यांचं एखादं वाक्य उतरायचं.

माझ्या बायकोला, मालतीला, छातीचा कॅन्सर निघाला आणि आमच्या घरात सगळे हळू बोलायला लागले. पुण्याहून आलेली माझी बहीण तर त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची. ऑपरेशन होऊन मालती घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी बाई न विचारता वर आल्या. “तिला कॅन्सर आलाय, तिचे कान गेले नाहीत. कुजबुजता कशास?” म्हणाल्या, स्टूल ओढलं आणि आठ वर्षांपूर्वीचं स्वतःचं तसलंच ऑपरेशन, बाजारातून वांगी कशी आणली ते सांगावं तसं सांगितलं. जगाला सगळं सांगणाऱ्या बाई एवढं मात्र आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या.

मग त्यांचं राज्य सुरू झालं. भेटायला येऊन रडणाऱ्याच्या हातात त्या निवडायच्या तांदळाचं सूप द्यायच्या, “रडा, पण खडे काढा.” माझ्या बहिणीनं असे दोन शेर तांदूळ निवडले. ऑपरेशननं आखडलेला मालतीचा हात वर जावा म्हणून बाईंनी भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या, रोज एक बोट वर. दुपारी दोन ते तीन आजाराबद्दल बोलायची मुभा, तीननंतर तो विषय काढणाऱ्याला कॉफी नाही. मला दोनदा मिळाली नाही.

पण किरणांचे शेक सुरू झाले आणि पाचव्या शेकानंतर मालती म्हणाली, “आता मी जाणार नाही.” डॉक्टरांनी बजावलं, मी हात जोडले, बहीण रडली. दोन दिवस चुकले. तिसऱ्या सकाळी बाई दारातच उभ्या राहिल्या.

“मालते, माझ्या हाताला गाठीसारखं काही लागतंय. आज तुझ्याच इस्पितळात दाखवायचं. मज भय वाटते. संगतीस येतेस?”

मालती उठली. वेणी घातली, साडी बदलली आणि बाईंचा हात धरून जिना उतरली. दुपारी दोघी परतल्या त्या हसत. बाईंची गाठ साधी चरबीची निघाली होती आणि मालती चुकलेला शेक घेऊन आली होती.

“गाठ खरंच होती, की हिला उठवायला?” मी एकदा विचारलं.

“गाठ होती, भयही होतं,” बाई म्हणाल्या. “एकटीनं कशास भ्यायचं?”

मालती बरी झाली. सहा वर्षांनी बाईंना दुखण्यानं पुन्हा गाठलं आणि या वेळी सोडलं नाही. शेवटचे दोन महिने मालती रोज सकाळपासून त्यांच्या उशाशी असायची. एका दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बाईंनी अंग चोरून अंथरुणात जागा केली.

“ये, पड जरा,” त्या म्हणाल्या. “मी जागी आहे.”