गच्चीची किल्ली आन डी व्हिटॅमिन

आधी भांडण, रामराम मागून. लातूरच्या उन्हात कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात, आन लॅबचा कागद म्हणतो पोरीच्या अंगात उन्हाचं व्हिटॅमिनच नाही! ऊन काय नळाचं पाणी हाय, दहा दिवसांनी यायला?

हां, आता रामराम.

माझी नात श्रुती, कंधारची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला घातली, आन भाकरी थापायला संगं मला धाडलं. दोन महिने झाले, पोरगी मलूल... जेवण नाही, बोलणं नाही, पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसायची. "नाटकं करू नको," म्हणले मी. खोटं कशाला सांगू.

मागल्या आठवड्यात दवाखान्यात नेली. रक्त तपासलं, डी पार तळाला. मी चौथी शिकलेली, पण विचारायला काय जातं? म्हणलं, "बाई, ऊन लागतं कातडीला. मग उदास मन कसं होतं?"

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आजी, डी कमी असलेल्यांत उदासी जास्त दिसते. पण डी कमी म्हणून उदासी, का उदास माणूस घरात कोंडून घेतो म्हणून डी कमी, हे अजून पक्कं ठरलेलं नाही."

"म्हंजे आधी सासू बिघडली का सून, तसंच की!" तवा बाई हसल्या. औषध दिलं, आन नुसत्या औषधावर राहू नका म्हणून समुपदेशक बाईंकडं चिठ्ठीही दिली. मग श्रुतीला विचारलं, उन्हात कधी जातेस?

पोरगी हळूच म्हणाली, "गच्चीला कुलूप आहे."

किल्ली कुठं? माझ्या कमरेला. घरमालकिणीनं वडीलधारी म्हणून माझ्याकडं दिलेली. पलीकडं पोरांचं हॉस्टेल, शिवाय उन्हानं रंग काळवंडतो... म्हणून कुलूप मीच घातलेलं.

परतताना रिक्षात मला त्र्याण्णव सालचा भूकंप आठवला. आमचं घर पडलं नव्हतं, एक भिंत तडकली होती. तरी सहा महिने मी अंगणात पत्र्याखाली निजले. सासू म्हणायची, नाटकं करती. मी आत जायला भ्यायचे, ही पोर बाहेर निघंना... आन दोघींच्या वाट्याला बोल मात्र तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्ची उघडली. साबुदाण्याचे पापड घातले आन राखणीला श्रुतीला बसवली. चौथ्या दिवशी कावळा हाकलता हाकलता म्हणाली, "आज्जी, मला फिजिक्स कळतच नाही गं. सांगायची भीती वाटायची."

"मग मला कुठं कळतंय? बापाला मी सांगते," म्हणले. त्या दिवशी दीड भाकर खाल्ली पोरीनं.

आता ही जीभ सुटली ती औषधानं, उन्हानं, का समोर भिंत नव्हती म्हणून? डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध चार दिवसांत लागू पडत नसतं. मग काय झालं, मला अजून उलगडलेलं नाही. किल्ली मात्र आता तिच्याकडं हाय.

मी माझं कबूल केलं. आता ज्यांच्या कमरेला किल्ली हाय त्यांनीच खाली लिहायचं, तुमची गच्ची कशापायी बंद हाय? उत्तर द्यायला पोरींना पुढं करू नका.