मावशीच्या कानातल्या रांगा

माझ्या मावशीला ऐकू येत नाही, हे आम्हा भाचरांना कळायला लागल्यापासून माहीत होतं. तिच्याशी बोलायचं तर समोर जायचं, आपलं तोंड उजेडात धरायचं आणि सावकाश बोलायचं. ती ओठ वाचते. ऐकू येणं गेलं ते लग्नानंतर, सासरी ढोकीला, आणि ओठ वाचायला ती तिथंच शिकली, मराठीतून. माहेरची कानडी तिच्या तोंडात राहिली, पण दुसऱ्याच्या ओठांवरची कानडी तिला ओळखता येत नसे. त्यामुळं ती उमरग्याला आमच्या घरी आली की आई तिच्याशी मराठीत बोलायची. दोघी सख्ख्या बहिणी, पण एक कानडीत विचारायची आणि दुसरी मराठीत उत्तर द्यायची. आम्हाला त्यात वेगळं काही वाटत नसे.

तिचं ऐकणं कशानं गेलं याचं उत्तर घरात ठरलेलं होतं. बाळंतीण असताना ती आडावर गार पाण्यानं न्हाली आणि कानात वारं शिरलं. तिची सासू असं सांगायची, नंतर जाऊ सांगू लागली आणि शेवटी मावशीही तेच सांगायची. सांगताना थोडं हसायची.

मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत काम करते. उंदराच्या आतल्या कानाचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेणं आणि ते संगणकावर उभे करणं हे माझं काम. मावशीमुळं मी या विषयात आले असं लोकांना वाटतं. तसं काही नव्हतं. जागा तिथं होती, मी अर्ज केला होता.

दोन वर्षांमागं थंडीत मावशीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं धूसर दिसतंय, अशा बाईला ओठ कसे दिसणार? तिच्याजवळ सतत कुणीतरी हवं होतं. तिचा मुलगा नोकरीला लांब, माझ्या आईचे गुडघे धरलेले. मी साहेबांना विचारलं, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क पिशवीत घातली आणि ढोकीला गेले.

पहिला दिवस अवघड गेला. मी तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून बोलत होते. चहा, औषध, झोप. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि ती घरभर फिरून एकेक वस्तू बघू लागली. भिंतीचा निळा रंग इतका निळा आहे हे आपण विसरलोच होतो, असं तिनं काकांना सांगितलं. काका म्हणजे तिचे यजमान. बोलायला कमी. थोडा ऊस आणि दोन म्हशी, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा.

तिच्या डोळ्यात थेंब घालण्याच्या मधल्या वेळात मी ओसरीवर काम करायची. सूक्ष्मदर्शक कानाच्या त्या इवल्याशा तुकड्याचे थराथरानं फोटो घेतो, एकाखाली एक. सॉफ्टवेअर ते भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक रचतं आणि त्यातून आकार उभा करतं. दोन थरांमधलं अंतर चुकीचं भरलं तर गोल पेशी चपटी दिसते. किती मंद उजेडाला पेशी म्हणायचं आणि कशाला कचरा म्हणून सोडून द्यायचं, तेही आपणच ठरवायचं. जास्त सोडलं तर जिवंत पेशी गायब होतात, कमी सोडलं तर नसलेल्या पेशी दिसायला लागतात. सगळा वेळ या मागंपुढं करण्यात जातो.

एका दुपारी मावशी शेजारी येऊन बसली. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या वळणदार रांगा हळूहळू फिरत होत्या.

"रांगोळी काढतीस व्हय?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडं तोंड करून सांगितलं की हा उंदराच्या कानाचा आतला भाग आहे. अगदी आतला, कानाच्या पडद्याच्याही पलीकडचा. या एकेका पेशीच्या डोक्यावर बारीक केसांसारखे तुरे असतात. आवाज आला की ते हलतात आणि पेशी मेंदूला निरोप देते. आत एक रांग, बाहेर तीन. माणसाच्या कानातही रचना अशीच. ती बघत राहिली. मग आपण फिरवून बघू का, म्हणाली. मी तिचं बोट धरून लॅपटॉपवर कसं सरकवायचं ते दाखवलं. तिनं तो कान वरून, खालून, बाजूनं पाहिला. नवा डोळा बारीक करून ती अगदी जवळ गेली, तेव्हा मी तिला मागं ओढलं.

मग मी दुसरा नमुना उघडला. त्यात बाहेरच्या रांगा तुटक होत्या. मधेच दोन ठिपके, मग काळी जागा, मग एखादाच ठिपका.

हे असं का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की या उंदराला एक औषध दिलं होतं. त्यानं काही जणांच्या कानातल्या या पेशी मरतात. पूर्वी टीबीला त्याच जातीची इंजेक्शनं देत असत.

मावशीचं बोट थांबलं.

"मला झाला हुता टीबी," ती म्हणाली. "पोरगं अंगावर पीत हुतं तवा. लई सुया घेतल्या म्या."

मला हे ठाऊक नव्हतं. आईनंही कधी सांगितलं नव्हतं. त्या काळात त्या आजाराबद्दल घराबाहेर कुणी बोलत नसे आणि पुढं घरातही बोलायचं राहून गेलं. मी विचारत गेले तसं ती सांगत गेली. काका तिला रोज सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. सुया चालू असतानाच कानात शिट्टी वाजू लागली, चालताना तोल जाऊ लागला. छाती बरी झाली आणि आवाज एकेक करून गेले. आधी पाखरांचे, मग बाळाचं रडणं.

मी सांभाळून बोलले. उंदराचं बघून माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. पण एक गोष्ट मला ठाम सांगता येत होती.

"मावशी, गार पाण्यानं न्हाल्यानं असं होत न्हाय."

"पुन्ना म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तिची नजर माझ्या ओठांवर होती. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून पदर तसाच गालावर धरून बसली.

या पेशी पुन्हा उगवतात का, असं तिनं जरा वेळानं विचारलं. नाही, असं मला सांगावं लागलं. तिनं मान हलवली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही.

काका शेतातून आले तेव्हा तिनं त्यांना हात धरून ओसरीवर आणलं. मला नको वाटत होतं, पण ती थांबेना. आपलं ऐकणं न्हाल्यानं नाही, सुयांनी गेलं, हे तिनं त्यांना जवळजवळ आनंदानं सांगितलं. काकांनी चांगला कान बघितला, तुटका बघितला, पुन्हा चांगला दाखव म्हणाले. मग उठून म्हशींकडं गेले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

सकाळी मी दात घासत होते तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले.

"ती नगं म्हणायची," ते म्हणाले. "शिट्टी वाजती, आता बास म्हणायची. म्याच न्यायचो बसवून. कोर्स पुरा कराय पायजे म्हणायचो."

मी त्यांना समजावलं की तेव्हा तेच औषध होतं, ते सोडलं असतं तर मावशी वाचली नसती. त्यांनी ऐकून घेतलं. पण माझ्या सांगण्यानं त्यांचं ओझं कमी झाल्यासारखं दिसलं नाही. मग मी आत जाऊन मावशीला सगळं सांगितलं.

ती तशीच गोठ्यात गेली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती मोठ्यानं बोलते, त्यामुळं चुलीपाशी मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तुमी नेलं म्हणून म्या हाय. पोराला आय ऱ्हायली. कान गेलं तर गेलं."

काका काहीतरी बोलले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला काही कळलं नाही. तिला कळलं असावं, कारण ती त्यांच्या समोरच उभी होती. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, आणि मग दोघं आत आले. मावशीनं भाकरी थापायला घेतली. काका चुलीजवळच बसून राहिले, एरवी ते कधी तिथं बसत नसत.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. तपासणी झाली. बारीक आवाज पूर्ण गेलेत, जाड आवाजांचं थोडं शिल्लक आहे, असं डॉक्टर म्हणाले. कारण बहुधा ती इंजेक्शनंच. त्यांनी यंत्र दिलं. ते लावून मावशीला कारखान्याचा भोंगा ऐकू आला आणि ती दचकून दाराशी गेली. भांड्यांचा आवाज मात्र तिला सोसेना. आता ती यंत्र सकाळचा थोडा वेळ लावते, बाकी डबीत. लग्नाबिग्नात तर अजिबात नाही.

मी हैदराबादला निघण्याआधी तिनं माझ्याकडून दोन्ही चित्रं मोबाइलवर घेतली. मी दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा तिची जाऊ आली होती. मावशीनं मोबाइल तिच्या पुढं धरला. हा बरा कान, हा सुया दिलेला, असं बोट ठेवून दाखवलं. जाऊबाईंनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं. सासूबाई म्हणायच्या तेच आपण म्हणत आलो, आपल्याला तरी काय ठाऊक, असं त्या शेवटी म्हणाल्या. पण बोलताना त्या मोबाइलकडंच बघत होत्या, त्यामुळं मावशीला ते कळलं नाही.

मी सांगायला पुढं झाले. एवढ्यात जाऊबाईंनीच मावशीच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि ते पुन्हा, सावकाश सांगितलं.