काळा भाग जिवंत होता

वडिलांनी अकोले तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर हृदयाचे चारही कप्पे ते खडू न उचलता काढायचे. त्यांच्याच हृदयाचं चित्र मात्र आम्ही त्यांना दाखवलं नाही.

झटका येऊन गेल्यावर नगरच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून एमआरआय करायला सांगितलं. त्यात मेलेला स्नायू पांढरा दिसतो, जिवंत असलेला काळा. बायपासचा उपयोग होईल का, ते त्यावरून ठरणार होतं. वडील तपासणी करून हसतच बाहेर आले. "आयुष्यभर पोरांना गप्प बसवलं. आज त्या मशीननं मला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही."

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला आणि धाकट्या काकांना बाहेर बोलावलं. पांढरा पट्टा पातळ होता. बाकीचा स्नायू पुरेशा रक्तावाचून निपचित पडला होता, पण जिवंत होता. बायपास लवकर करा, म्हणाले. आणि निघताना, "पेशंटला फार सांगत बसू नका."

हे सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे आजाऱ्याला आजार सांगतच नाहीत. काका खाटेशी जाऊन म्हणाले, "काय न्हाई दादा, समदं नॉर्मल हाय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का गं?"

मी मान डोलावली.

आठवड्यानं ऑपरेशनची तारीख मिळाली. "नॉर्मल आहे ना? मग छाती कशाला फाडायची?" वडील म्हणाले. त्यांचं काय चुकलं? दिलेल्या माहितीवरून त्यांनी बरोबर उत्तर काढलं होतं. माहितीच आम्ही खोटी दिली होती. खरं सांगते म्हटल्यावर काका कडाडले, "आता सांगून मारतीस का त्यांना?" मी सांगितलं नाही, आणि ऑपरेशनची तारीख तशीच निघून गेली. महिन्याभरात वडील गेले.

भेटायला येणारे म्हणतात, "शेवटपर्यंत काय कळू दिलं न्हाई तुमी. लई केलं." मला संताप येतो. जो माणूस दुसऱ्यांच्या पोरांना हृदय समजावून देत होता, त्याला स्वतःचं समजणार नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? आणि याला माया म्हणायचं?

तेराव्यानंतर आईनं विचारलं, "त्यांना नेमकं झालं काय होतं?"

"आता कशाला, वहिनी," काका म्हणाले.

मी कपाटातून फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि आईचं बोट त्या पट्ट्यावर ठेवलं. हे पांढरं मेलेलं. हे काळं जिवंत.

आईचं बोट काळ्यावरून सावकाश फिरत राहिलं.

"एवढं होतं?" ती म्हणाली.