मे महिन्यात लांब बाह्या

माझे दंड जाड आहेत. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते सगळ्यांचं सांगून झालं होतं. मामा आला की पहिल्यांदा दंडाला चिमटा काढायचा आणि विचारायचा, "काय गं, कणीक मळून ठेवलीस का?" सगळे हसायचे, मीही हसायचे. बाकी अंगाने मी चारचौघींसारखीच होते, दंडच तेवढे कुणाचे घेऊन आले होते देव जाणे. दुकानात स्लीव्हलेस ड्रेस दिसला की आई माझं मनगट धरून मला पुढे ओढायची. "आपल्याला नाही शोभत ते," म्हणायची. त्यातलं 'आपल्याला' म्हणजे मी एकटी. धाकट्या बहिणीला सगळं शोभायचं.

पण मला नटायची भारी हौस. नव्वदीतल्या त्या वर्षांत आम्ही ऐरोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचे. वर पत्रा, एकच पंखा, तोही साहेबांच्या डोक्यावर. बाकीच्या मुली आखूड बाह्यांत यायच्या आणि तरी पदराने, ओढणीने वारा घेत बसायच्या. मी मनगटापर्यंत झाकलेली. मग मी त्याचीच फॅशन केली. वाशीच्या टेलरकडे तास तास उभी राहून बाह्या शिवून घ्यायचे. कधी मनगटाशी चुण्या, कधी कोपरापासून खाली घोळ, आणि आतलं काही दिसू नये म्हणून कापड दाट छापाचं. मुली विचारायच्या, "कुठे शिवलास गं? मस्तच!" मी खूश. दंडावर कोपरापर्यंत घामोळं उठलेलं असायचं, ते माझं मला ठाऊक.

अशाच एका मे महिन्यात मला बघायला लोक आले. मी जांभळा ड्रेस घातला होता, लांब बाह्यांचा अर्थातच. पोहे दिले आणि लाइट गेली. पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेऊ लागले. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून थेट मांडीवर. मुलाची आई चांगली होती बिचारी. म्हणाली, "अगं, बाह्या तरी वर कर. आपलीच माणसं आहोत." मी दोन्ही हात आणखी अंगाशी घेतले आणि म्हणाले, "नको, मला सवय आहे." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पुढे नकार आला. नकाराचं मला काही विशेष वाटायचं नाही, ते येतच असत.

ऑक्टोबरात धाकटीचं जमत आलं. मी थोरली अजून घरात, तरी आई-बाबा तयार झाले, कारण तो मुलगा तिला मनापासून आवडला होता. दोनदा भेटले होते दोघं. घरी येऊन ती वेडीसारखी गुणगुणत भांडी घासायची, आणि भांडी घासायला ती एरवी कधी हात लावत नसे. आता नुसती बोलणी व्हायची होती. आणि तिकडून निरोप येणंच बंद झालं.

समोरच्या विंगमधल्या काकूंनी हे स्थळ आणलं होतं. एका दुपारी त्या आल्या, दार स्वतःच लावून घेतलं आणि आवाज खाली आणून आईला म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. त्यांच्या कानावर आलंय, तुमच्या थोरलीच्या हातावर कोड आहे म्हणून. मे महिन्यात सुद्धा बाह्या वर करत नाही म्हणे. घराण्यात असेल तर उद्या धाकटीला, तिच्या मुलांना... त्यांना टेन्शन येणारच ना?"

मी आतल्या खोलीत होते. आधी हसायलाच आलं. मग हसू थांबलं, कारण बाहेर कुणीच हसत नव्हतं.

कोड असतं तर काय आभाळ कोसळलं असतं, असं मी आज म्हणते. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा एवढंच कळलं की मी काहीही न करता धाकटीच्या आड आले आहे. बाबा म्हणाले, डॉक्टरांकडून लिहून आणतो. काकू म्हणाल्या, "अहो, लिहून आणलंत तर काहीतरी आहेच, अशी खात्रीच पटेल त्यांची! न विचारता दाखवायला हवं." मग त्यांनीच तोड काढली. मुलाकडच्या बायकांना चहाला बोलवायचं आणि चहा थोरलीने न्यायचा. स्लीव्हलेसमध्ये.

माझ्या आईने माझ्यासाठी स्लीव्हलेस ड्रेस शिवून आणला. स्वतः जाऊन. पिवळा, छान होता खरं तर. तो बघून मला इतका राग आला की मी तो पलंगावर फेकला. धाकटी दारात उभी होती. "ताई, तुला नको वाटत असेल तर नको," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी ड्रेस उचलला.

काकूंबरोबर मुलाची आई आणि आत्या आल्या. मी दोन्ही हातांनी भरलेला ट्रे धरून बाहेर गेले. कोपरापासून वरचे माझे हात आंघोळीशिवाय मी स्वतःही कधी धड बघितले नव्हते. ते आता सगळ्यांसमोर होते आणि झाकायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता. आत्या उठल्या. "इकडे उजेडात ये गं जरा," म्हणत त्यांनी मला कोपराला धरून बाल्कनीकडे वळवलं. आधी डावा दंड बघितला, मग उजवा. बोटाने त्वचा चोळून बघितली. ट्रेमधला चहा बश्यांत सांडत होता.

"अगंबाई, स्वच्छ आहेत की हात!" त्या म्हणाल्या. "मग एवढं झाकून का घेत होतीस?"

मी ट्रे सरळ केला. काकूच म्हणाल्या, "अहो, दंड जाड आहेत ना, म्हणून लाजते ती!"

"एवढंच होय!" असं म्हणून आत्या हसल्या. मुलाची आई हसली, काकू हसल्या. आणि आई सगळ्यांत मोठ्याने. पदराने डोळे पुसत, पोट धरून, महिनाभराचं साठलेलं सगळं हसू तिला एकदम आलं. स्वयंपाकघराच्या दारातून धाकटीही हसत होती आणि रडत होती. मला तिच्यासाठी बरं वाटत होतं, आणि तिथून नाहीसं व्हावंसंही वाटत होतं.

मुलाच्या आईने तिथल्या तिथे सांगितलं की पुरुषमंडळी खाली गाडीत बसली आहेत, त्यांनाही वर बोलवू या, बोलणी आत्ताच होऊन जाऊ देत. आई लगबगीने माझ्याजवळ आली. माझ्या हातातला ट्रे घेतला, दंडावरून एकदा हात फिरवला आणि कानाशी पुटपुटली, "झालं बाई काम. जा आता, पटकन लांब बाह्यांचा घालून ये. पुरुष येतायत."

मी गेले आणि बदलून आले.