सिमेंट रोडखाली गेलेला व्हॉल्व्ह

अकोलेकरांनो, आज आठवडाभरानं आमच्या गल्लीत नळ आले अन् पाइप फुटला. घरातले हंडे-गुंड, बादल्या रिकाम्या, नाली मात्र भरभरून वाहून राहिली.

पाणी बंद करायले महापालिकेची माणसं आली, पण व्हॉल्व्ह सापडेना. मागं सिमेंट रोड झाला, तवा व्हॉल्व्हच्या झाकणावरूनच काँक्रीट ओतलं होतं. त्याच रोडवर आमी हौसेनं नारळ फोडला होता.

त्यांच्यासंग आलेले साहेब आमालेच विचारते, "व्हॉल्व्ह कुठं होता, आठवते काय कोणाले?" जो तो वेगळीच जागा दाखवे. रोड फोडला, खाली नुसती माती.

गल्लीमागं प्लॉट पाडून नवं लेआउट झालं, तिथले एक काका आले. घर बांधून झालं, नळ नाही. "आमाले पाणी कुठून देसान, साहेब?"

"याच लाइनवरून."

काका नालीकडे पाहत राहिले.

आता लिहून राहिलो, तरी पाणी वाहूनच राहिलं. तुमच्या रोडखाली काय गाडलंय, हाय कोणाले मालूम?